चार बोटं पाणी: परसातल्या तळ्याच्या काठावर झाडं किती खोल लावायची

जुन्या घराच्या मागे, न्हाणीचं पाणी जिथे सुटतं तिथे हमखास अळू असतो. त्याच्या पुढे कर्दळ, मग केळी. हा अळू कुणी माप घेऊन लावलेला नसतो. माती कायम ओली, पण बुडखा पाण्याखाली नाही, अशी जागा त्याने आपली आपण धरलेली असते. तोच अळू ओढ्याच्या कडेला घोटाभर पाण्यात उभा दिसतो आणि तिथेही खुशाल असतो. गोंधळ होतो तो आपला. परसात हौसेने तळं खणायचं, नर्सरीतून आठ-दहा कुंड्या आणायच्या आणि काठावर उभं राहून विचार करायचा, की आता ह्या ठेवायच्या कुठे?

माझं तळं साताऱ्याजवळ आहे. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, मध्ये गुडघ्याच्या वर पाणी. पहिल्या वर्षी मी काठावरची निम्मी झाडं मारली. खत, ऊन, कीड यांतलं काहीच चुकलं नव्हतं. माप चुकलं होतं. त्यामुळे हा लेख जवळजवळ सगळा मापाबद्दलच आहे.

माप कुठून कुठपर्यंत?

काठावरची झाडं म्हणजे मुळं पाण्याखालच्या चिखलात आणि पानं-फुलं हवेत, अशी झाडं. वेखंड, अळू, पाणकणीस, छत्री गवत ही सगळी ह्या गटातली. कमळ आणि कुमुदाची गोष्ट वेगळी. त्यांची पानं पाण्यावर तरंगतात किंवा लांब देठावर वर येतात, त्यांना जास्त खोल पाणी चालतं. ती इथे घेत नाही.

ह्या झाडांसाठी 'खोली १० सेंटीमीटर' असं कुठे वाचलंत, तर ते अंतर कुंडीतल्या मातीच्या तोंडापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत असतं. कुंडीच्या बुडापासून मोजायचं नाही, तळ्याच्या तळापासून तर नाहीच. नवख्या माणसाची पहिली चूक इथेच होते. तळ्याच्या आतल्या कडेला कुंड्या ठेवायला पायरी असते; १५ सेंटीमीटर खोल पायरीवर २० सेंटीमीटर उंचीची कुंडी ठेवली तर झाडाला पाण्याची खोली शून्य मिळते, कुंडीच पाच सेंटीमीटर बाहेर डोकावते. उलट ४० सेंटीमीटरच्या पायरीवर तीच कुंडी ठेवली तर झाडाच्या डोक्यावर वीतभर पाणी. पायरी तुमची, कुंडी तुमची, वजाबाकीही तुम्हीच करायची.

मी सेंटीमीटर लिहितोय, पण तळ्याकाठी पट्टी सापडत नाही. म्हणून बोटं वापरा. हाताचं एक बोट आडवं धरलं तर जाडी साधारण २ सेंटीमीटर. चार बोटं जुळवून आडवी धरली की ७ ते ८ सेंटीमीटर. आपल्याकडची वीट आडवी ठेवली तर तिची उंचीही साधारण तेवढीच भरते. चार बोटं म्हणजे एक वीट, हे समीकरण एकदा डोक्यात बसलं की पुढचं काम विटा सरकवण्याइतकं सोपं होतं. (गावोगावच्या विटा सारख्या नसतात. आपली वीट एकदा मोजून घ्या.)

पाणवनस्पती पाण्यात कुजते कशी?

पाण्यातलं झाड पाण्यानेच मेलं, हे पहिल्यांदा ऐकताना खोटं वाटतं. मुळांना श्वास घ्यायला प्राणवायू लागतो, आणि तो पाण्यातून हवेच्या तुलनेत जवळपास दहा हजार पट हळू पसरतो. कुंडीतल्या चिखलात तो फार थोडा पोहोचतो. मग ही झाडं जगतात कशी? ती वरून हवा आणतात. अळूचा एक देठ कापा, पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवा आणि दाबा. कापलेल्या टोकातून बुडबुडे येतील. देठ आतून स्पंजासारखा असतो, त्याच्या पोकळ्यांतून पानांकडची हवा खाली मुळांपर्यंत जाते. भाजीवाल्याकडची कमळकाकडी कापल्यावर जी भोकं दिसतात, तीही हवेच्याच वाटा.

आता कल्पना करा की झाडाची सगळी पानं पाण्याखाली गेली. वाटा आहेत, पण त्यांचं तोंड बंद झालं. खालच्या मुळांचा श्वास कोंडतो, चिखलातले जिवाणू काम सुरू करतात, आणि बुडखा आठवडा-दोन आठवड्यांत मऊ पडतो. त्यात आपलं पाणी गरम. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. थंड देशांतल्या पुस्तकांतले आकडे आपल्या उथळ, तापलेल्या तळ्यात जसेच्या तसे वापरू नयेत, असं मला वाटतं त्याचं हे एक कारण. त्यांनी '० ते २०' लिहिलं असेल तर मी '० ते १०' वाचतो.

यातून एक साधा नियम निघतो: लावताना झाडाच्या उंचीचा निदान दोन तृतीयांश भाग पाण्याच्या वर हवा. नर्सरीतून आणलेलं रोप टीचभर असेल तर पुस्तकातली खोली तूर्त विसरा. ती खोली वाढलेल्या झाडाची आहे.

पहिलं काम: पातळी पक्की करा

झाडं आणण्याआधी तळ्याची जास्तीत जास्त पातळी ठरवायची असते. ती ठरवते सांडव्याची नळी, म्हणजे जिथून जादा पाणी बाहेर जातं ती जागा. सांडवा नसेल तर पावसाळ्यात पाणी काठोकाठ भरतं आणि काठ जिथे सर्वांत खाली आहे तिथून वाहतं. म्हणजे पातळी ठरवणारा मालक तुम्ही नाही, काठावरचा एक खचलेला दगड.

गवंड्याकडे पाणसळ असते, पातळी बघायची बुडबुड्याची पट्टी. लहान तळ्याला ती पुरते, पण लांब अंतरासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी उत्तम. नळीचं एक तोंड सांडव्याशी धरा, दुसरं काठाभर फिरवा. दोन्हीकडचं पाणी एका रेषेत राहतं. त्या रेषेवर ठिकठिकाणी ऑइलपेंटने खूण करा. माझ्या तळ्याचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा तब्बल ६ सेंटीमीटर खाली निघाला होता. डोळ्यांना अजिबात कळत नव्हतं.

सांडव्याची नळी किती जाड हवी, त्याचा हिशोब करून पाहा. ६ चौरस मीटरच्या तळ्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ३०० लिटर पाणी वाढतं. अर्ध्या इंचाची नळी ते नेईलही, पण एक पान अडकलं की संपलं. दोन इंची नळी घाला, आतल्या तोंडाला जाळी बांधा, आणि छपराची पन्हाळ तळ्यात सोडू नका. छपराचं पाणी तळ्याच्या कितीतरी पट असतं.

हे इतकं सविस्तर सांगतोय कारण माझं वेखंड ह्याच पानापायी गेलं. जुलै महिना, चार दिवस सलग झड, मी गावाला. सांडव्यात आंब्याचं एक पान बसलं. पाणी एक वीट चढलं. मार्चमध्ये लावलेली वेखंडाची सहा रोपं पूर्ण बुडाली. परत आल्यावर पाणी उतरवलं, पण तीन रोपं ओढताच हातात आली, खाली काळा चोथा आणि सडक्या अंड्याचा वास.

मे आणि जुलै यांच्यामधलं अंतर

बाहेरच्या देशांतले लेख वाचताना वाटतं की तळ्याची पातळी ही एकच गोष्ट आहे. आपल्याकडे ती दोन आहेत. कोरड्या भागात एप्रिल-मे महिन्यांत उघड्या तळ्यातलं पाणी दिवसाला एक सेंटीमीटरच्या आसपास उडतं. वारा असेल तर थोडं जास्तच. माझ्या तळ्याच्या हिशोबात एक सेंटीमीटर म्हणजे ६० लिटर, चार बादल्या. आठवडाभर गावाला गेलात की ७ सेंटीमीटर, म्हणजे एक वीट पाणी गेलं. कोकणात आणि गोव्यात हवा दमट, तिथे हा वेग कमी. पण तिथला पावसाळा सांडव्याची जास्त परीक्षा बघतो.

म्हणून प्रत्येक झाडासाठी दोन प्रश्न विचारायचे. पाणी सांडव्याला लागलेलं असताना ह्याच्या डोक्यावर किती असेल? आणि मे महिन्यात मी पाणी घालायला विसरलो तर ह्याची माती उघडी पडेल का? दोन्ही उत्तरं झाडाला सोसवणारी हवीत.

दोन्ही जमत नसतील तर उथळ बाजूला चुका. पाणी कमी पडलं तर पानांची टोकं करपतात, झाड रुसतं, पाणी मिळालं की पुन्हा फुटतं. पाणी जास्त झालं तर बुडखा जातो, आणि बुडखा गेलेलं झाड परत येत नाही. माझा ठोकताळा: पुस्तकात ज्या खोलीची कमाल दिलीय तिच्या निम्म्यावर लावायचं, मोजमाप सांडव्याच्या खुणेपासून.

वजाबाकी

समजा, पायरी सांडव्याच्या खुणेपासून ३० सेंटीमीटर खाली आहे. कुंडी २२ सेंटीमीटर उंच, माती वरून दोन सेंटीमीटर सोडून भरलेली, म्हणजे मातीची उंची २०. तीस वजा वीस, झाडावर १० सेंटीमीटर पाणी. छत्री गवताला हे ठीक. ब्राह्मीला जास्त, तिच्या कुंडीखाली एक वीट सरकवा, अडीच सेंटीमीटर उरतं. शहाबादी फरशीचा तुकडा दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा असतो, तो बारीक फरकासाठी. वीट आणि फरशी, एवढ्या दोन मापांत सगळं तळं बसवता येतं.

अजून तळं खणायचं असेल तर एकच पायरी ठेवा, खुणेपासून ३० सेंटीमीटर खाली आणि निदान ३५ सेंटीमीटर रुंद. दोन-तीन वेगवेगळ्या खोलीच्या पायऱ्या चित्रात छान दिसतात. प्रत्यक्षात कुंड्या बदलतात, झाडं बदलतात आणि पायऱ्या तिथेच राहतात. उंची विटांनी वाढवता येते, पायरी नंतर खोल करता येत नाही. तळ्याला आतून शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद घातला असेल तर विटेखाली गोणपाटाची दुहेरी घडी टाका. विटेचा कोपरा आणि वरची ओली कुंडी मिळून कागद फाडतात. तळं सिमेंटचं आणि नवं असेल तर आधी पाणी भरून आठवडाभर ठेवा, काढा, असं दोन-तीनदा करा. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, तो झाडांना आणि माशांना सोसत नाही.

कोण किती पाण्यात

खालच्या सगळ्या खोल्या मातीच्या तोंडापासून पाण्यापर्यंतच्या, झाड रुळल्यानंतरच्या आणि माझ्या अनुभवाप्रमाणे थोड्या हात राखून.

*वेखंड.* बाळाच्या घुटीमुळे घराघरांत माहीत असलेलं, पण झाड फार थोड्यांनी पाहिलेलं. पानं तलवारीसारखी, चुरगाळली की तोच वास. दोन ते चार बोटं पाणी, म्हणजे ४ ते ८ सेंटीमीटर. जुनं, हातभर वाढलेलं असेल तर दुप्पटही चालतं. ह्याचा गड्डा आडवा वाढतो आणि तो मातीत पुरायचा नसतो. मुळं खाली चिखलात, गड्ड्याची पाठ वर उघडी, कोंब फुटणारं टोक कुंडीच्या रिकाम्या बाजूकडे. आल्यासारखा खोल गाडलात तर कोंब दमतो.

*ब्राह्मी.* इथे आधी नावाचा गुंता सोडवायला हवा. नर्सरीत 'ब्राह्मी' मागितली की दोनपैकी एक मिळते. बारीक, जाडसर, लांबट पानांची आणि पांढऱ्या-निळसर फुलांची ती नीरब्राह्मी. गोल, कातरलेल्या कडांची, मूत्रपिंडाच्या आकाराची पानं असलेली ती मंडूकपर्णी, म्हणजे कारिवणा. नीरब्राह्मी शून्य ते दोन बोटं पाण्यात मस्त पसरते, पाण्यावर जाळं विणते, बुडाली तरी तग धरते. कारिवण्याला मात्र ओला चिखल हवा, साचलेलं पाणी नको. कुंडीची माती पाण्याच्या रेषेला टेकलेली असली की झालं. दोन्ही एकाच विटेवर ठेवल्या तर एक नक्की नाराज होते.

*अळू.* शून्य ते चार बोटं. पानं खायची असतील तर भाजीचा अळू लावा. ओढ्याकाठचा रानअळू घशाला खाजतो. मोठी पानं वारा धरतात, म्हणून कुंडी रुंद बुडाची किंवा सरळ घमेलंच घ्या, नाहीतर जूनच्या पहिल्या वावटळीत झाड कुंडीसकट आडवं. मोठ्या पानांतून पाणीही भरपूर उडतं. लहान तळ्यात दोन अळू पुरेत.

*कर्दळ.* बागेतली साधी लाल-पिवळी कर्दळ दोन बोटं पाण्यात छान राहते. पाण्यासाठीच वाढवलेल्या अरुंद, निळसर पानांच्या जाती मिळतात, त्या चार ते सहा बोटं सोसतात. बागेतला कंद काढून थेट पाण्यात ठेवू नका, कारण खाली येतं.

*छत्री गवत,* नर्सरीच्या भाषेत अंब्रेला पाम. चार बोटं, जास्तीत जास्त सहा. नवख्यांसाठी ह्याहून सोपं झाड नाही. छत्री दोन बोटं देठ ठेवून कापा, पानं निम्मी छाटा आणि पाण्यावर उलटी तरंगत ठेवा. दोन-तीन आठवड्यांत मध्यातून कोंब आणि मुळं येतात.

*सोनटक्का.* ह्याला पाण्यात उभं करण्याचा मोह आवरा. काठाबाहेर, तळ्याची ओल पोचेल अशा मातीत लावा. गणपतीच्या सुमारास फुलतो आणि संध्याकाळी तळ्याकडे जायला एक निमित्त होतं.

*पाँटेडेरिया.* निळ्या फुलांच्या कणसांचं हे मूळचं अमेरिकेतलं झाड आता इथल्या नर्सऱ्यांत मिळतं. चार ते आठ बोटं. ह्याची पानं पाहून घाबरू नका. जलपर्णीच्याच कुळातलं असलं तरी हे कुंडीत मुळं धरून राहतं.

*पाणकणीस.* खोल पाणी कुणाला चालतं, तर ह्याला. फूटभरही सोसतं. पण ६ चौरस मीटरच्या तळ्यात हे लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. टोकदार गड्डे कुंडी फोडतात, कागद भोसकतात आणि दोन वर्षांत तळ्याचा चिखल करतात. फारच हौस असेल तर भोकं नसलेल्या जाड टबात.

काय आणू नये, तेही सांगतो. जलपर्णी फुलं पाहून कुणी आणू नये. पुण्याची मुळा-मुठा, पवना आणि कोल्हापूरचा रंकाळा यांची तिने काय दशा केली ते सगळ्यांनी पाहिलं आहे. तळ्यातून उपटलेला तिचा ढीगही ओढ्यात टाकू नका, वाळवून खड्ड्यात घाला. बेशरम कुठेही रुजते, जनावरांना विषारी असते, काठावर नकोच. आणि कासच्या पठारावरून किंवा कुठल्याही रानतळ्यातून रोपं उपटून आणू नका. कासवरची कुमुदिनी तिथल्याच पाण्यात शोभते.

कुंडी भरणं

माती पोयट्याची. नदीकाठची गाळमाती सर्वांत चांगली. नुसती काळी माती वाळली की भेगाळते आणि भिजली की फुगते, म्हणून तिच्यात तिसरा हिस्सा वाळू. कोकणातली तांबडी माती चालते, पण बारीक खडे चाळून. कोकोपीट, पालापाचोळा, गांडूळखत, शेणखत ह्यातलं काहीही नको. पहिलं तरंगतं, बाकीचं कुजतं आणि पाणी हिरवं करतं. बागेच्या कुंडीची सवय असलेल्यांना हे पटायला वेळ लागतो. मलाही लागला.

जाळीची टोपली असेल तर आत गोणपाट घाला. अर्धी माती भरा, रोप ठेवा, मग बुडखा मातीच्या पातळीला येईल इतकीच माती भरा. इथे दुसरी खोली लक्षात घ्या: झाड मातीत किती खोल आहे ही वेगळी, आणि पाण्यात किती खोल आहे ही वेगळी. पाण्याची खोली अचूक आणि बुडखा मातीत चार बोटं गाडलेला, असं झालं तर तुमच्या सगळ्या विटा वाया. वर दोन सेंटीमीटर जाड वाळू किंवा बारीक खडी पसरा, बुडख्याला चिकटू देऊ नका. खडीमुळे मासे माती उकरत नाहीत.

कोरडी कुंडी तळ्यात सोडली तर हवा बुडबुड करत निघते आणि माती घेऊन वर येते. आधी बादलीत उभी करून वरून हळूहळू पाणी घाला, बुडबुडे थांबेपर्यंत.

एका दमात खाली सोडू नका

नर्सरीत बहुतेक रोपं साध्या कुंडीत, वरून पाणी घालून वाढवलेली असतात. त्यांची मुळं कोरड्या मातीची. पाण्याखाली गेल्यावर झाडाला आतून पोकळ्या असलेली नवी मुळं काढावी लागतात आणि त्याला वेळ लागतो. कर्दळीचं सांगितलं होतं ते हेच.

पहिला आठवडा: माती पाण्याच्या रेषेला. कुंडीचं बूड पाण्यात, तोंड कोरडं.

नवं पान उघडायला लागलं की एक-दोन फरश्या काढा, दोन बोटं खाली.

पुढचं पान पूर्ण उघडलं की अजून दोन बोटं. झाडाच्या ठरलेल्या खोलीला पोचायला तीन ते पाच आठवडे लागू द्या. कॅलेंडर बघू नका, पान बघा. पान थांबलं असेल तर तुम्हीही थांबा.

ह्यासाठी मला सर्वांत सोयीचा काळ वाटतो तो फेब्रुवारीअखेर ते मार्च. थंडी सरलेली असते, वाढ जोरात असते आणि पावसापर्यंत झाड उंच होतं. तो हुकला तर पहिला जोराचा पाऊस होऊन गेल्यावर, सांडवा नीट चालतोय याची खात्री करून. मे महिन्यात लावलंत तर उथळ पाणी दुपारी हाताला चटका लागेल इतकं तापतं, नवी मुळं त्यातच शिजतात. डिसेंबरात लावलंत तर काही मरत नाही, पण काही वाढतही नाही.

झाड काय सांगतंय

खालचं एखादं पान पिवळं पडणं म्हणजे म्हातारपण, सोडून द्या. मधलं, नवीन पानच पिवळं आणि लुळं पडत असेल तर पाणी जास्त झालंय: त्याच दिवशी कुंडी उचला, बुडखा दाबून बघा. कडक असेल तर दोन विटा घालून वर ठेवा, बहुधा वाचेल. मऊ आणि वास मारत असेल तर कुजका भाग सुरीने निरोगी पांढऱ्या भागापर्यंत कापून टाका, उरलेला तुकडा ओल्या वाळूत ठेवा. माझ्या उरलेल्या तीन वेखंडांपैकी दोन अशीच वाचली.

देठ लांबच लांब, बारीक आणि पडके झाले तर झाड खोलीतून वर यायची धडपड करतंय, किंवा सावली फार आहे. ऊन तपासा, चार-पाच तास असेल तर दोष पाण्याचा. पानांची टोकं तपकिरी झाली तर बहुतेक वेळा माती उघडी पडलीय, किंवा बोअरचं जड पाणी घालून घालून क्षार साठलेत. पांढरी रेघ कुंडीच्या कडेला दिसते का पाहा. पावसात एकदा तळं भरभरून वाहू दिलं की हा त्रास कमी होतो.

डास, मासे, मुलं

गप्पी मासे सोडा. अनेक ठिकाणी पालिकेच्या हिवताप विभागाकडे मिळतात. पण मासे जिथे पोचत नाहीत तिथे डास होतातच, आणि तसे कोपरे काठावरच्या कुंड्यांमध्येच तयार होतात. दोन कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवू नका, मध्ये तीन-चार बोटं रुंद आणि तेवढीच खोल फट राहू द्या, म्हणजे मासा आत शिरतो. नीरब्राह्मीचं जाळं फार दाट झालं की कात्रीने विंचरा. पाणी उतरल्यावर कुंडीच्या तोंडाशी वाटीभर पाणी वेगळं साचत असेल तर ते आठवड्यातून एकदा ओतून द्या. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात.

घरात लहान मूल असेल तर पायरीच्या रुंदीवर भरवसा ठेवू नका, कुंपण घाला. वीतभर पाणीही लहान मुलाला धोक्याचं आहे. खारी आणि सरड्यांसाठी एका बाजूला विटांचा उतार पाण्यातून काठापर्यंत ठेवावा, नाहीतर सकाळी एखादं मेलेलं पिल्लू सापडतं.

दोन वर्षांनी पुन्हा मोजा

वेखंड, कर्दळ, अळू ही झाडं कुंडीत दाटली की गड्डे एकमेकांवर चढतात आणि मातीच्या वर ढीग होतो. तुम्ही विटा हलवल्या नाहीत, सांडवा तोच आहे, तरी झाडाची खोली चार बोटांवरून एकावर आलेली असते. उन्हाळ्यात पानांची टोकं करपायला लागली आणि कारण सापडत नसेल तर हे तपासा. फेब्रुवारीत कुंडी काढा, पालथी करा, गड्ड्यांचे दोन-तीन कोंब असलेले तुकडे करा, जुना पोकळ भाग फेकून द्या आणि नव्या पोयट्यात पुन्हा मातीच्या तोंडाला लावा. पहिला आठवडा परत पाण्याच्या रेषेलाच.